लांबची ई, जवळची इ

पहिलीच्या वर्गाला ऱ्हस्व इ शिकवणं ही काय डोकेदुखी आहे, ते ज्यानं शिकवली नाही त्याला सांगून कळायचं नाही. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं, आखूड म्हणायची आणि पुढे जायचं. नोकरी लागेपर्यंत मलाही तसंच वाटायचं. मग तोरणमाळच्या रस्त्यावरून आत वळून लागणाऱ्या एका पाड्यावरची शाळा मिळाली आणि माझी सगळी घमेंड एका पावसाळ्यात उतरली.

माझं माहेर प्रकाशाजवळचं, तापीकाठचं. आमच्या गावात भिंतीला भिंत लागून घरं. शेजारणीच्या तव्यावरची भाकर करपली तर तिच्याआधी आम्हाला कळतं. घरात बोली अहिराणी, शाळेत मराठी, आणि दोन्हींत मी तोंडाळ म्हणूनच ओळखली जायचे. आता म्हसावदला खोली घेऊन राहते आणि रोज स्कूटीवरून पाड्यावर जाते. शाळा म्हणजे एक खोली, पुढे ओटा, आणि ओट्यापुढे एकदम उतार. खाली नाला, नाल्यापलीकडे दुसरी टेकडी. माझ्या पोरांच्या घरी पावरी बोलतात. म्हसावदच्या बाजारात जाऊन येऊन त्यांच्या आयाबापांना अहिराणी येते. मराठी मात्र त्या पोरांच्या कानावर पडते ती फक्त माझ्या तोंडून, म्हणजे तिचं काय होत असेल ते बघा.

तर ऱ्हस्व इ. आपल्याकडे बाराखडी गाऊन शिकवायची पद्धत आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो. ‘क ला पहिली वेलांटी कि, क ला दुसरी वेलांटी की.’ पोरं एका सुरात डोलत म्हणतात, आणि सुरात म्हटलं की दोन्ही सारख्याच लांब होतात. पहिलीही ‘कीऽऽ’ आणि दुसरीही ‘कीऽऽ’. वर्गाबाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय छान अभ्यास चाललाय. मी आत बसून कपाळाला हात लावायचे. कारण मग पोरगं ‘मिरची’ वाचताना ‘मीऽऽरची’ वाचतं, आणि लिहिताना तर कुठली वेलांटी कुठे द्यायची, ते बिचारं माझ्या तोंडाकडे बघून ठरवतं.

मी सगळं करून पाहिलं. टाळ्या वाजवल्या, टिचक्या वाजवल्या. एकदा केसांचं रबर काढलं, ताणून दाखवलं की ही दीर्घ, सैल सोडून दाखवलं की ही ऱ्हस्व. तिसऱ्यांदा ताणताना ते सटकलं आणि माझ्याच नाकावर बसलं. पोरं इतकी हसली की पुढचा आठवडाभर मी वेलांटी म्हटलं की ती आपापलं नाक धरायची.

त्या वर्गात एक पोरगी होती. कितीही आत बसवा, थोड्या वेळानं सरकत सरकत दाराशी जाऊन बसायची. मी ओरडायचे, ती आत यायची, पुन्हा सरकायची. हुशार म्हणावी अशी काही नव्हती, हट्टी मात्र चांगलीच होती. दारातून तिला तिचं घर दिसायचं. नाल्यापलीकडच्या टेकडीवर, मध्यावर, कुडाच्या भिंतींचं एकटं घर. तिथे सगळी घरं अशी एकटीच असतात. ज्याचं शेत जिथे, त्याचं घर तिथे. एका घरातून दुसऱ्या घरी जायचं तर उतरून चढावं लागतं, म्हणून माणसं जात नाहीत, हाक मारतात.

ही हाक मी माहेरी कधी ऐकली नव्हती. खिचडीच्या सुट्टीत समोरच्या टेकडीवर एक बाई घराबाहेर यायची, कडेवर लहानगं पोर असायचं, आणि ती हाक मारायची. हाक म्हणजे शब्द कमी आणि ताणलेला आवाज जास्त. तो नाल्यावरून तरंगत यायचा. मग आमची ही पोरगी खिचडीचं ताट खाली ठेवून ओट्याच्या कडेला उभी राहायची, तोंडाभोवती हात धरायची आणि ओ द्यायची. जेवलीस का, जेवले, एवढंच असायचं. दोघींचं समाधान झालं की बाई आत आणि पोरगी ताटावर.

त्या हाकेचा एक रिवाज होता, तो मला हळूहळू कळला. हाक रिकामी जाऊ द्यायची नाही. ज्याला हाक मारली तो घरी नसेल, तर दुसऱ्या टेकडीवरचा, तिसऱ्या टेकडीवरचा, ज्याच्या कानावर पडली तो कुणीही ओ देतो आणि सांगतो की तो बाजारात गेलाय, ती पाण्याला गेलीय. हाक मारणाऱ्याला उत्तराशिवाय उभं ठेवणं त्यांना बरं वाटत नाही. मला हे फार आवडलं. आमच्याकडे भिंतीला भिंत असून माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

एक दिवस ती पोरगी ओ देऊन परत आली आणि शेजारच्या पोरीच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजली. तोच आवाज एक क्षण टेकडीएवढा होता आणि दुसऱ्या क्षणी कानाएवढा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी खिचडी तशीच टाकून उठले, तिला हाताला धरून ओट्यावर नेलं आणि म्हटलं, “आईला ई म्हणून हाक मार.” तिनं अशी लांबलचक ई सोडली की समोरून तिची आई घाबरून बाहेर आली. मग मी तिला शेजारणीजवळ बसवलं आणि म्हटलं, “आता तीच हिच्या कानात म्हण. ओरडलीस तर हिचा कान फुटेल.” तिनं अगदी एवढीशी इ म्हटली.

“ती लांबची,” मी वर्गाला म्हणाले, “आणि ही जवळची.”

संपलं. ऱ्हस्व आणि दीर्घ हे शब्द मी फळ्यावरून पुसून टाकले. चिमणीतली पहिली जवळची, शेवटची लांबची. मिरची तशीच, शिडी तशीच, विळी तशीच. पोरं आधी एकमेकांच्या कानाला लागायची आणि मग दाराकडे तोंड करून हाक द्यायची, चि-मणीऽऽ. वर्गात नुसता गोंधळ, पण वाचन बिनचूक. केंद्राच्या बैठकीत मी हे करून दाखवलं तेव्हा बाकीचे शिक्षक हसले. एका सरांनी विचारलं, मॅडम, रानात गुरं वळायला शिकवता की काय. मी त्यांना म्हटलं, तुमचा वर्ग एकदा मिरची वाचून दाखवू दे, मग बोलू. खरं सांगते, त्या दिवसांत मी भारी खूश होते.

ती पोरगी आता दाराशी बसली तरी मी ओरडत नसे. कुणाचं अडलं की ती जवळची-लांबची करून दाखवायची, तोऱ्यात.

दिवाळी झाली की आमचे वर्ग रिकामे होतात. ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातेत जातात. ट्रक येतात, त्यात भांडी, कोंबड्या, पोरं, म्हातारीकोतारी सगळी चढतात. नवरा-बायको जोडीनं तोडणी करतात, मग तान्ह्या पोराला सांभाळायला थोरली मुलगी लागतेच. सहा वर्षांची पोरगी तिथे मोठी धरली जाते. मी दर वर्षी आयांना विनवायचे, पोरींना ठेवून जा म्हणायचे, आणि दर वर्षी त्या माझ्याकडे बघून नुसत्या हसायच्या. त्या वर्षी मी विनवणं सोडूनच दिलं होतं. कडेवर दीड वर्षाचं पोर असताना आई मुलीला मागे ठेवेल कशी?

ट्रक यायच्या आदल्या दिवशी ती बाई स्वतःहून शाळेत आली. तोवर मी तिला समोरच्या टेकडीवरच पाहिलं होतं. जवळून ती फारच लहान दिसली, माझ्या धाकट्या बहिणीएवढी. ओट्याखाली उभी राहिली, वर येईना.

“बाई,” ती म्हणाली, “पोरगी आठेच ऱ्हाई. डोकराजोडे.”

पोरगी इथेच राहील, डोकऱ्यापाशी. डोकरा म्हणजे तिचा सासरा. शेळ्या राखायचा, कानानं जरा कमी.

“मंग धाकल्याले कोण सांभाळी?” मी विचारलं.

“पाठले बांधी लेसू.”

“आनि ऊस?”

“ऊस तोडसूच ना. काय करसू?” ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, “तठे ऊसमा हाक पोचत नही, बाई. सपाट जमीन. पोरगी हाक मारस आनि मालेच ऐकू येत नही. मागला साले एक दिन ती ऊसमा हारपी गयथी. आठे डोकरा तरी ओ दी.”

जाताना तिनं पोरीला जवळ घेतलं नाही. आमच्यासमोर लाजली असेल. फक्त म्हणाली, “होळीले येसू. तवय माले वाचीसन दखाड.” पोरीनं मान हलवली. तिला त्या क्षणी होळी उद्यावरच आल्यासारखी वाटली असावी, कारण ती हसत होती.

होळी हा तिथला सगळ्यात मोठा सण. दिवाळीला न आलेला माणूस होळीला येतो. होळीआधी भोंगऱ्याचा बाजार भरतो, त्यात नवे कपडे घेतात. त्या पोरीला बाकी कशाची पर्वा नव्हती. आई येणार आणि तिला वाचून दाखवायचं, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. खोक्यांचे पुठ्ठे कापून मी शब्दांची कार्डं केली होती. ती रोज विचारायची, “बाई, हे आईला येईल?” म्हणजे, हे आईला वाचून दाखवण्याइतकं मला आलं का. मी म्हणायचे, आणखी एकदा वाच.

खिचडीच्या सुट्टीत ती ओट्यावर उभी राहून घराकडे हाक मारायचीच. डोकऱ्याला ऐकू आलं तर तो ओ द्यायचा, त्याच्या चिरक्या आवाजात. नाही आलं तर वरच्या टेकडीवरून कुणीतरी द्यायचं. पाड्यावर उरलेली माणसं मूठभर, पण त्या पोरीची हाक कधी रिकामी गेली नाही.

आईचा फोन माझ्या मोबाइलवर यायचा, टोळीतल्या कुणाच्या तरी फोनवरून. शाळेजवळ रेंज धरते ती एकाच ठिकाणी, पाण्याच्या टाकीशी. मी पोरीला तिथे उभी करून फोन कानाला लावायचे, आणि ती तोंडाभोवती हात धरून जी हाक फोडायची! पलीकडून आईचं हसू मला ऐकू यायचं. मी सांगायचे, “अगं, कानाशी आहे फोन. जवळची बोल, जवळची.” ती माझ्याकडे अशी बघायची की बाईंना एवढंही कळत नाही. गुजरात लांब, तर जवळची कशी पोचेल?

मग काही दिवस फोन आला नाही. आला तेव्हा दुसरंच कुणी बोलत होतं. बाईला ताप आहे म्हणाले. तापात तोडणी करत होती, आता उठवत नाही. डोळे पिवळे झालेत. मी विचारलं, दवाखान्यात नेलं का. नेलं होतं म्हणाले. मी भडकले, त्या माणसावर फोनवर ओरडले, त्याचा काही दोष नसताना. पोरगी टाकीशी उभी होती, हात तोंडाभोवती धरून तयार. तिला मी सांगितलं, आज रेंज नाही.

भोंगऱ्याच्या आधीच तिच्या आईला घरी आणलं. तालुक्याला नेऊन झालं होतं, जिल्ह्याला नेऊन झालं होतं. रस्ता संपतो तिथवर पिकअप आली, तिथून पुढे बांबूला झोळी बांधून नवऱ्यानं आणि भावकीतल्या माणसांनी तिला टेकडीवर चढवलं. शाळेच्या ओट्यावरून सगळं दिसत होतं. मी पोरांना आत घ्यायला गेले, पण ती पोरगी केव्हाच उतार उतरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नाला ओलांडून गेले. पोरगी माझ्या पुढे, हातात कार्डांचा गठ्ठा. त्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. आत खाटेवर बाई पडलेली. दिवाळीला पाहिलेली ती हीच, हे सांगावं लागलं असतं. धाकटा तिच्या पायाशी बसून कणसाचं बुरकुंड चघळत होता. नवरा भिंतीला टेकून बसलेला, त्यानं मान वर केली नाही. डोकऱ्यानं मला बसायला पोतं टाकलं.

पोरगी दारात उभी राहिली, शाळेत उभी राहते तशी, आणि मोठमोठ्यानं वाचायला लागली. चिमणी. मिरची. डोकरा मान डोलावत होता, कारण त्याला बहुधा एवढंच ऐकू येत होतं. बाईनं डोळे उघडले नाहीत. पोरगी थांबली. पुन्हा पहिल्यापासून, आणखी मोठ्यानं. मला तिथून उठून जावंसं वाटलं, इतकं वाईट वाटलं.

मग बाईची बोटं खाटेच्या काठावर हलली. ये, असं. पोरगी गेली. उकिडवी बसली, तोंड आईच्या कानाशी नेलं, आणि कार्ड डोळ्यांसमोर धरून अगदी जवळच्या आवाजात वाचू लागली. मला शब्द ऐकू येत नव्हते. फक्त तिचे ओठ दिसत होते आणि एकेक कार्ड खाली ठेवलं जात होतं.

गठ्ठा संपला. बाई म्हणाली, “आखो.”

आणखी म्हणजे आणखी कुठून आणणार? माझ्याजवळ कार्डं तेवढीच होती. पोरीनं खालचा गठ्ठा उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. मी बाहेर येऊन उभी राहिले. आत बराच वेळ तेच शब्द चालले होते.

त्या आठवड्यातच ती गेली. होळीचे ढोल बाकीच्या पाड्यांवर वाजत होते, त्या टेकडीवर कुणी वाजवले नाहीत. दिवाळीपासून होळीपर्यंतचा एवढा वेळ त्या मायलेकी एकमेकींपासून लांब राहिल्या, तो वेळ कुठून परत आणायचा, ह्याचं मला फार दुःख होतं. अजूनही आहे. लोक म्हणाले, पोरगी वाचायला तर शिकली. उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं.

पोरगी शाळेत येत राहिली. धाकट्याला कडेवर घेऊन यायची, तो ओट्यावर खेळायचा. आता ती दाराशी बसत नसे. मी न सांगता आत, भिंतीशी बसायची. वाचायची नीट, पण लांबची आली की तिचा आवाज बसायचा. चिमणी म्हणताना ती शेवटी तुटून थांबायची. मी चूक काढली नाही. खिचडीच्या सुट्टीत ती धाकट्याला भरवायची, ओट्याच्या कडेला जायची नाही.

जूनमध्ये नवी पहिली आली. तीच बाराखडी, तेच डोलणं, तीच ‘कीऽऽ’. मी नव्या पोरांना ओट्यावर आणून उभं केलं आणि लांबची आपणच करून दाखवायला लागले. तापीकाठच्या बाईची हाक ती, नाल्यापर्यंतही पोचेना. पोरं हसायला लागली. तेवढ्यात ती दुसरीच्या रांगेतून उठून आली, मला बाजूला सारल्यासारखं केलं आणि कडेला जाऊन उभी राहिली. तोंडाभोवती हात धरले.

मला वाटलं होतं, नुसती ई म्हणेल. तिनं आईला हाक मारली.

“आयीऽऽऽ.”

हाक नाल्यावरून गेली, समोरच्या टेकडीवर गेली. घराबाहेर डोकरा शेळ्या सोडत होता, तो तसाच उभा राहिला. त्याला ऐकू आलं होतं. वरच्या टेकडीवर निंदणाऱ्या बायकांनाही ऐकू आलं होतं, त्या वाकलेल्या होत्या त्या सरळ झाल्या. पण कुणी ओ दिली नाही. काय सांगणार होत्या त्या? बाजारात गेली म्हणणार की पाण्याला गेली म्हणणार? पोरगी हात तसेच धरून वाट बघत होती.

मला ते सहन झालं नाही. मी तिच्या मागे उभी होते, तिथूनच छाती भरून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, “ओऽऽऽ.”

तिनं हात खाली घेतले आणि वळून माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते, पण चेहऱ्यावर तोच जुना तोरा होता, चुकलेल्या पोराला समजावताना असायचा तो.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही जवळच आहे ना. मग जवळची बोला.”

मी खाली वाकले आणि तिच्या कानाशी हळूच ओ दिली.